चॉकलेट : आपला खाऊ, कुत्र्याचे विष

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या व्यवसायाने पशुवैद्य आहेत.)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला कोणते विषय शोभतात याचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. बालसंगोपन, आहार, काटकसर, स्त्रियांचे कायदेशीर हक्क. आपल्या चिटणीसबाई विषय विचारण्यासाठी माझ्याकडे आल्या आणि मी ‘कुत्रा आणि चॉकलेट’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी वही मिटून घेतली. मी थट्टा करते आहे असे त्यांना वाटले असावे. थट्टा मुळीच नव्हती. जनावरांच्या दवाखान्यात इतकी वर्षे काढून मी एक गोष्ट पाहिली आहे. घरातल्या कुत्र्याला विष झाले असा संशय आला की लोकांना आधी शेजारी आठवतो, मग उंदरांचे औषध आठवते, मग रस्त्यावर कोणी काही टाकले होते काय याची चौकशी सुरू होते. घरातल्या खाऊच्या डब्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आणि तो डबा भरणे, झाकणे, फळीवर चढवणे हे काम आपल्याच हातचे असते. म्हणून हा विषय महिला मंडळातच बोलला पाहिजे, असे माझे मत आहे.

आधी एका शब्दाची भानगड निस्तरली पाहिजे. आपल्या घरांत ‘चॉकलेट’ हा शब्द फार सैल वापरला जातो. कागदात गुंडाळलेली कोणतीही गोळी म्हणजे चॉकलेट. संत्र्याची गोळी, लिमलेट, पेपरमिंट, वाण्याने सुटे पैसे नाहीत म्हणून हातावर ठेवलेली गोळी, सगळी चॉकलेटेच. त्यामुळे पुष्कळ लोक मला सांगतात, “डॉक्टरीणबाई, आमचा टिप्या गेली पाच वर्षे चॉकलेटे खातो आहे, त्याला कधी काही झाले नाही.” चौकशी केली म्हणजे कळते की टिप्या इतके दिवस रंगीत साखर खात होता. साखरही कुत्र्याला हितकर नव्हे, तो लठ्ठ होतो, दातांची दुर्दशा होते. पण तेवढ्याने त्याच्या जिवावर बेतत नाही. मी बोलते आहे ते खऱ्या चॉकलेटाविषयी, म्हणजे ज्यात कोकोच्या बिया दळून घातलेल्या असतात त्या पदार्थाविषयी. पूर्वी तो आपल्या घरी क्वचित यायचा. परदेशाहून कोणी आले तर एखादी वडी, आणि तीही घरातल्या सहा जणांत वाटून. आता राखीपौर्णिमेला चॉकलेटची पेटी येते, गणपतीत चॉकलेटचे मोदक होतात, दिवाळीला फराळाच्या ताटाशेजारी चॉकलेटची परडी असते, आणि वाढदिवसाचा केक तर काळाच लागतो. टिप्याच्या पाच वर्षांच्या अनुभवावर विसंबून राहण्याचे दिवस गेले.

एका घरातील हकीगत सांगते. नावे सांगत नाही. घर चांगले, कुत्र्यावर जीव टाकणारे. आठ किलो वजनाची डॅशहाउंड जातीची कुत्री होती, लांबट अंगाची, आखूड पायांची. भाऊबीजेचा दिवस. बहिणीने भावाच्या मुलासाठी शंभर ग्रॅमची कडू, काळ्या चॉकलेटची वडी आणली होती. मुलाने तिचा एक तुकडा मोडून खाल्ला, त्याला ती कडवट लागली, म्हणून उरलेली त्याने दिवाणखान्यातल्या बुटक्या तिवईवर ठेवली आणि तो फटाके उडवायला गेला. दुपारच्या जेवणानंतर सगळे पहुडले. तिवई कुत्रीच्या नाकाच्या उंचीची होती.

चारच्या सुमारास ती घटाघटा पाणी पिऊ लागली. सहाला उलटी झाली. घरात सणाचा दिवस, तिने काही तेलकट खाल्ले असेल म्हणून तिला ताक पाजले. शेजारणीने लिंबू-साखरेचे पाणी द्यायला सांगितले, तेही झाले. रात्री नऊपर्यंत ती एका जागी बसेना. या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होती, धापा टाकीत होती. फटाक्यांना घाबरली असेल, असे सर्वांचे मत पडले, आणि दिवाळीत ते कोणालाही पटले असते. अकराला पहिला झटका आला. तेव्हा धावाधाव झाली आणि दिवाणाखाली चघळलेला चांदीचा कागद सापडला. माझ्याकडे आणली त्या वेळी तिची नाडी मोजता येत नव्हती, अंग तव्यासारखे तापले होते. पहाटे ती गेली.

तो मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. रडून झाल्यावर त्याने मला विचारले, “तीच वडी मी पण खाल्ली. मग मला कसे काही झाले नाही?”

आजचे माझे सगळे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

कोकोच्या झाडाला लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली ‘थिओब्रोमा’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचे अन्न. आज आपल्याकडे केरळ, कर्नाटक, तामिळनाडू, आंध्र या भागांत नारळी-पोफळीच्या बागांतून ही झाडे लावतात. १८४१ साली वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने कोकोच्या बियांतून एक कडू द्रव्य वेगळे काढले. झाडाच्या नावावरून त्याला थिओब्रोमीन म्हणतात. नावात ब्रोमीन दिसत असले तरी त्यात ब्रोमीन नसते. चहा-कॉफीत जे कॅफीन असते त्याचे हे सख्खे भावंड. दोघांचा गुण एकच, अंगाला जाग आणायची. हृदय जोरात चालवायचे, लघवी वाढवायची, मज्जातंतूंना चेव आणायचा. आपण चहा घेऊन ताज्यातवान्या होतो ती याच जातीच्या द्रव्याची करामत. कोकोच्या बियांत थोडे कॅफीनही असते, पण मुख्य भरणा थिओब्रोमीनचा.

माणसाच्या यकृतात हे द्रव्य बऱ्यापैकी लवकर मोडते. कुत्र्याचे यकृत ते फार सावकाश मोडते. रक्तातले थिओब्रोमीन निम्म्यावर येण्यासाठी कुत्र्याला साडेसतरा तासांच्या आसपास वेळ लागतो. याचा हिशेब घड्याळावर मांडून पाहा. रात्री आठला कुत्र्याने केक खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता निम्मे विष अंगात शिल्लक. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमचा चहा होतो तेव्हाही चौथा हिस्सा आहेच. एवढ्यात दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या केकचा आणखी एक तुकडा मिळाला तर तो पहिल्याच्या शिलकीवर चढतो. शिवाय हे द्रव्य पित्तावाटे आतड्यात उतरते आणि तेथून पुन्हा रक्तात शोषले जाते. मूत्राशयात उतरलेलेही तुंबून राहिले तर त्याच्या भिंतीतून परत आत शिरते. दाराने घालवलेला पाहुणा खिडकीतून यावा तसा प्रकार. त्या मुलाने खाल्लेला तुकडा रात्रीपर्यंत त्याच्या अंगातून बराचसा निघून गेला होता. शिवाय मुलगा अठ्ठावीस-तीस किलोचा, कुत्री आठ किलोची. मुलाने खाल्ला एक तुकडा, तिने उरलेली जवळजवळ सगळी वडी.

आता मोजमापाकडे वळते. आपण स्वयंपाकात वाटी-चमच्याने मोजणाऱ्या बायका आहोत, तेव्हा हा भाग तुम्हाला जड जाणार नाही.

सर्व चॉकलेटे सारखी नसतात. जितके काळे व कडू, तितके वाईट. पांढऱ्या चॉकलेटात थिओब्रोमीन जवळजवळ नसतेच. दुधाच्या चॉकलेटात ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम असते. काळ्या चॉकलेटात ५ मिलिग्रॅम, आणि फार कडू असेल तर त्याहून जास्त. केकसाठी वापरतात त्या बिनसाखरेच्या चॉकलेटात १४-१५ मिलिग्रॅम. आणि कोकोच्या नुसत्या पुडीत तर ग्रॅममागे २८ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे मुलांच्या आवडीच्या वडीपेक्षा तुमच्या फळीवरचा कोकोचा डबा चौदापट जहाल. घरगुती चॉकलेटे करण्यासाठी बाजारात कंपाउंड नावाच्या लाद्या मिळतात. त्यांत कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पती तूप असते, म्हणून कित्येकींना वाटते की ते काही खरे चॉकलेट नव्हे. लोणी बदलले तरी काळ्या लादीत कोकोची पूड असतेच, आणि विष त्या पुडीत आहे.

दुसरे माप कुत्र्याच्या वजनाचे. किलोमागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमीन पोटात गेले की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० मिलिग्रॅमवर हृदयाचा ताल बिघडतो. ६० च्या पुढे झटके येतात. १०० ते २०० च्या दरम्यान निम्मी जनावरे दगावतात. आणि एखादे त्याच्या बरेच आधी दगावते, कारण वय, हृदयाची मूळ प्रकृती, पोट रिकामे होते की भरलेले, असे अनेक फाटे असतात.

ही दोन मापे एकत्र आणली की चित्र स्पष्ट होते. पाच किलोचा पॉमेरेनियन घ्या. त्याला त्रास सुरू होण्यास दुधाच्या चॉकलेटचे ५० ग्रॅम लागतील, काळ्याचे २० ग्रॅम पुरतील, आणि कोकोची पूड चारच ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचेदेखील नाहीत. पंधरा किलोच्या आपल्या गावठी कुत्र्याला दुधाचे १५० ग्रॅम किंवा कोकोची पूड ११ ग्रॅम. तीस किलोचा लॅब्रॅडॉर ३०० ग्रॅम दुधाच्या चॉकलेटपर्यंत कदाचित निभावून नेईल. अर्थात लॅब्रॅडॉर तीनशे ग्रॅमवर थांबत नाही, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना मी सांगायला नको. आता घरी केलेला केक घ्या. त्यात ५० ग्रॅम कोको पडला असेल तर जवळजवळ १४०० मिलिग्रॅम थिओब्रोमीन आले. पंधरा किलोच्या कुत्र्याने तो अख्खा फस्त केला तर किलोमागे नव्वदच्या वर गेले. झटक्यांची पायरी केव्हाच मागे पडली. मघाच्या डॅशहाउंडचा हिशेब आता तुम्हीच करू शकाल.

लक्षणे कशी ओळखावीत? दोन-चार तासांत पाणी पिणे वाढते, उलटी होते, पोट फुगते, जुलाब लागतात. पुढे, बहुधा सहा ते बारा तासांच्या आत, कुत्रा चाळवतो. बसत नाही, झोपत नाही, वारंवार लघवी करतो, धापा टाकतो. पाय लटपटतात किंवा ताठरतात, अंगाला कंप सुटतो. मग ताप, झटके, हिरड्या निळसर पडणे, बेशुद्धी. हा सगळा फेरा तीन दिवसांपर्यंत चालू शकतो. यातली पहिली लक्षणे इतकी साधी आहेत की उन्हाळ्यात ती उन्हाची वाटतात आणि दिवाळीत फटाक्यांची. सगळा घात तेथेच होतो.

म्हणून माझे पहिले सांगणे हे, की लक्षणांची वाट पाहू नका. वेष्टन फाटलेले दिसले, डबा उपडा सापडला, की त्याच क्षणी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. चार गोष्टी सांगा : काय खाल्ले, अंदाजे किती खाल्ले, केव्हा खाल्ले, आणि कुत्र्याचे वजन किती. फाटका कागद टाकून देऊ नका, बरोबर न्या. त्यावर कोकोचे प्रमाण आणि वडीचे वजन छापलेले असते. मुलांना रागावू नका. रागावले की मूल ‘थोडेसेच दिले’ असे सांगते, आणि आम्हाला तर खरा आकडा हवा असतो.

दुसरे सांगणे घरगुती उपायांविषयी. आपल्या आजीबाईच्या बटव्याचा मला आदर आहे, पण या विषावर त्यात काही नाही. दूध, दही, ताक, लिंबूपाणी, तूप, कोकमाचे सार, यांपैकी कशानेही थिओब्रोमीन मरत नाही, फक्त वेळ मरतो. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे हा तर भयंकर उपाय आहे. माणसाला उलटी करवायला पूर्वी घरोघरी तसे करीत. कुत्र्याला त्या मिठाचीच विषबाधा होते, आणि चॉकलेटाने मरायचे नसलेले कुत्रे मिठाने मरते. घशात बोटे घालू नका. झटके येत असताना तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते; जवळचे टेबल-खुर्ची बाजूला करा, खोलीत अंधार व शांतता ठेवा आणि गाडी बोलवा.

दवाखान्यात आम्ही काय करतो? खरे सांगायचे तर या विषावर नेमका असा उतारा अजून नाही. वेळेत आणला तर इंजेक्शन देऊन उलटी करवतो. चॉकलेट पोटात वितळून त्याचा गोळा होतो आणि तो रेंगाळतो, म्हणून काही तास उलटून गेले असले तरी उलटीचा उपयोग होऊ शकतो. मग औषधी कोळशाची पूड पाजतो, आणि पुन्हा पुन्हा पाजतो. कारण विष पित्तावाटे परत परत आतड्यात येत असते, तेथे कोळशाने त्याला धरून ठेवावे. सलाईन लावतो. मूत्राशय रिकामे राहावे म्हणून नळी घालतो, किंवा कुत्रा चालता असेल तर मालकाला सांगतो, याला तासातासाने खाली फिरवून आणा. हृदयासाठी आणि झटक्यांसाठी वेगळी औषधे असतात. थोडक्यात, कुत्र्याचे यकृत आपले सावकाश काम पुरे करीपर्यंत आम्ही त्याला जिवंत ठेवतो. तासा-दोन तासांत आणलेले बहुतेक कुत्रे वाचतात. रात्र काढून आणलेल्यांविषयी मला असे म्हणता येत नाही.

काहींना अजून शंका असेल की डॉक्टर लोक उगीच भीती घालतात. त्यांच्यासाठी एक दाखला देते. अमेरिकेत मेंढ्या पळवणारे कोयोट नावाचे कोल्ह्यासारखे जनावर आहे. ते कुत्र्याच्याच कुळातले. त्याच्या बंदोबस्तासाठी थिओब्रोमीन आणि कॅफीन यांचे मिश्रण विष म्हणून वापरता येईल काय, याचा अभ्यास तेथील सरकारी संशोधकांनी केला आणि २००५ साली तो प्रसिद्ध केला. आपण ज्याला खाऊ म्हणतो त्यातले सार लांडग्या-कोल्ह्यांवर विष म्हणून योजण्याचा तो विचार होता.

सणांचा आणि या विषबाधेचा संबंध मी केवळ माझ्या अनुभवावरून सांगत नाही. इंग्लंडात लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ ते २०१७ या काळातल्या २२९ पशुचिकित्सालयांच्या नोंदी चाळून चॉकलेट खाल्लेल्या कुत्र्यांची ३८६ प्रकरणे काढली. नाताळच्या दिवसांत हे प्रमाण एरवीच्या चौपटीहून जास्त आढळले, आणि ईस्टरच्या वेळी, म्हणजे तिकडे चॉकलेटची अंडी वाटतात तेव्हा, जवळजवळ दुप्पट. त्यांचे दोन सण. आपले किती ते मोजा. राखीपौर्णिमा, गणपती, दिवाळी, भाऊबीज, नाताळ, वर्षप्रतिपदा नव्हे तर एक जानेवारी, आणि घरातल्या प्रत्येकाचा वाढदिवस!

येथे मला थोडे विषयांतर करावेसे वाटते. कुत्र्याला आपल्या ताटातले देणे ही काही नव्या काळाची फॅशन नाही. श्राद्धाच्या दिवशी गाय, कुत्रा, कावळा, मुंगी यांचे वाटे आधी बाजूला काढायचे आणि मग आपण जेवायचे, ही आपली जुनी चाल. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट ज्या घरात माहीत नाही असे मराठी घर नसेल. पशुवैद्य म्हणून मी नामदेवांना वाटी जरा लहान घ्यायला सांगितले असते, एवढेच. उलट ‘कुत्र्याला खीर पचत नाही’ असेही आपण म्हणतो, पण ते माणसांना टोचून बोलण्यासाठी; खऱ्या कुत्र्याच्या पोटाचा विचार त्यात कोणी केलेला नाही. तो वाटा काढून ठेवणाऱ्या बायकांच्या ताटात भाकरी, भात, पोळी असे. त्यांचा हात चुकण्याचा संभव नव्हता. आज ताटच बदलले आहे. प्रेम तेच, हात तोच, आणि घास मात्र असा की तो आठ किलोच्या जिवाला पेलत नाही. कुत्रा गोड ओळखतो, आवडीने खातो, आणखी मागतो. त्याच्या आवडीवरून त्याच्या हिताची परीक्षा करता येत नाही, आणि ही गोष्ट आया झालेल्या बायकांना पटवून द्यावी लागू नये.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. वाढदिवसाच्या रात्री सोसायटीच्या कट्ट्यावर केक कापतात, निम्मा तोंडाला फासतात आणि उरलेला खोक्यासकट कोपऱ्यात सोडून जातात. सकाळी त्यावर चार कुत्री असतात, पिलेही असतात. दोन किलोच्या पिलाला त्या केकचा केवढा तुकडा पुरेल हे आता तुम्हाला ठाऊक आहे. त्या कुत्र्यांना कोणी दवाखान्यात आणीत नाही. ती कोठेतरी गाडीखाली जाऊन मरतात आणि आपण म्हणतो, कोणी विष घातले. मुले प्रेमाने चॉकलेटची क्रीम भरलेली बिस्किटे त्यांना घालतात. त्यांत कोको थोडाच असतो, एका बिस्किटाने काही होणार नाही. पण सवय मुलाच्या हाताला लागते. मुलांना पोळीचा तुकडा द्यायला शिकवा. कुत्र्याला तो तितकाच गोड लागतो.

चॉकलेटच्याच पंगतीतली आणखी नावे घाईने सांगून टाकते. द्राक्षे आणि बेदाणे : कित्येक कुत्र्यांची मूत्रपिंडे त्यांनी बंद पडतात, आणि कोणत्या कुत्र्याची पडतील हे आधी सांगता येत नाही, बेदाणे चॉकलेटात बुडवलेले असले तर दोन्ही संकटे एकदम. साखर नसलेल्या च्युइंगमांत व मिठायांत झायलिटॉल नावाची गोडी घालतात. तिने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकाएकी उतरते. कांदा-लसणाने रक्त क्षीण होते. या प्रत्येकावर वेगळे व्याख्यान होईल, पण पुढच्या वर्धापनदिनालाही तुम्ही मलाच बोलवाल अशी आशा धरणे बरे नव्हे.

आता मंडळाकडे एक मागणी. आपल्या मंडळातील कित्येक भगिनी घरी चॉकलेटे आणि चॉकलेटचे मोदक करून विकतात, दिवाळीच्या प्रदर्शनात त्यांचे गाळे असतात, आणि माल उत्तम असतो हे मी खाऊन सांगते. प्रत्येक पाकिटावर एक चिठ्ठी चिकटवावी : ‘कुत्र्या-मांजरांना देऊ नये.’ चार शब्दांना शाई कितीशी लागणार? शिवाय ज्या घरी कुत्रा आहे तेथे कोकोचा डबा वरच्या फळीवर, कडीच्या कपाटात जावा. भेटीच्या पेट्या तिवईवर किंवा देवघरासमोर जमिनीवर ठेवू नयेत. गौरीपुढची आरासही याला अपवाद नाही, कारण कुत्र्याला नैवेद्याची मर्यादा कळत नाही. आणि जवळच्या पशुवैद्याचा, तसाच रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन आजच लिहून भिंतीला लावावा. रात्री अकराला तो शोधीत बसण्यात किती वेळ जातो ते मी पाहिलेले आहे.

(व्याख्यानानंतर भगिनींनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. — संपादिका)

पांढरे चॉकलेट चालेल काय? — त्यात थिओब्रोमीन नसल्यातच जमा असते, पण तूप आणि साखर भरपूर. त्याने उलट्या-जुलाब होतात, आणि काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाह होतो. तो दुखण्याचा प्रकार मोठा वाईट आहे. देऊ नये.

आमचा कुत्रा सकाळी बशीतला चहा पितो, त्याचे काय? — बहुतेक बशीत दूधच जास्त असते म्हणून तो आजवर निभावला आहे. कॅफीनही त्याच जातीचे विष आहे. बशी बंद करावी. कुंडीत टाकलेला चहाचा चोथा आणि उघडी कॉफीची पूड यांवरही नजर ठेवावी. कॉफीची पूड फार जहाल.

कुत्र्याने चांदीचा कागदही गिळला असेल तर? — तो आतड्यात अडकू शकतो. डॉक्टरांना आवर्जून सांगावे, आणि शौचातून पडेपर्यंत लक्ष ठेवावे. तोंडातून किंवा मागून एखादे टोक दिसले तरी ओढू नये.

मांजरांना चॉकलेट बाधते काय? — बाधते, पण मांजर त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. चवीची ती खूण ओळखणारा गुणसूत्रातला दुवा मांजराच्या कुळात तुटलेला आहे, हे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. मात्र मांजर दुधाच्या आणि सायीच्या वासाला भुलते, तेव्हा कोको घातलेल्या दुधाचे पातेले तेवढे झाकून ठेवावे.